दोन इंचांचा विवेक : ऑफ-रोड गाडीची उंची वाढविताना

पावसाळा तोंडावर आला, की सह्याद्रीच्या आडवाटांकडे निघणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांची संख्या वाढू लागते. मुंबई, पुणे, नाशिक येथील गॅरेजांमध्ये त्याच सुमारास एक मागणी हमखास ऐकू येते : ‘गाडी थोडी उचलून द्या.’ जुनी जिप्सी असो, थार असो वा जिम्नी, मालकाला आपली गाडी कारखान्यातून आली त्यापेक्षा उंच हवी असते. ती दिसायला रुबाबदार वाटते, खडकांवर पोट घासत नाही आणि मोठे टायर बसतात, ही त्यामागची कारणे. कारणे खोटी नाहीत. मात्र मोटारीची उंची ही सुटी गोष्ट नसते. स्टीअरिंग, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट, वळणावरील तोल आणि अखेर कायदा, या साऱ्यांशी ती बांधलेली असते. म्हणूनच ‘किती उचलावी’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी उचलावी’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

या लेखात विचार केला आहे तो माफक लिफ्टचा, म्हणजे सुमारे २५ ते ५० मिलिमीटर किंवा एक ते दोन इंच उंची वाढविण्याचा. त्यापलीकडची वाढ हा स्पर्धेच्या गाड्यांचा प्रांत आहे. रोज कार्यालयात नेण्याच्या आणि सुटीत कुटुंबासह घाट ओलांडण्याच्या गाडीला तिची गरज क्वचितच भासते.

लिफ्टने काय मिळते, काय मिळत नाही

सर्वप्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. सस्पेन्शन लिफ्टमुळे गाडीची चौकट आणि शरीर वर जाते. सलग ॲक्सल मात्र होता तेथेच राहतो. जिम्नीला पुढे व मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे, तर २०२० साली आलेल्या थारला केवळ मागे. अशा ॲक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा फुगीर भाग हाच बहुधा गाडीचा सर्वांत खालचा बिंदू असतो. तो वर न्यायचा एकच मार्ग आहे : अधिक व्यासाचे टायर. आणि टायरचा व्यास जितका वाढेल, त्याच्या निम्मीच उंची ॲक्सलला मिळते.

उदाहरणच घेऊ. थारच्या २५५/६५ आर १८ या मापाच्या टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २५५/७० आर १८ बसविला तर तो ८१४ मिलिमीटर होतो. फरक २५ मिलिमीटरचा. प्रत्यक्ष ॲक्सल उचलला जाईल तो जेमतेम १३ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवीत असताना गाडीचा वेग पूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी अधिक असेल, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

मग लिफ्टचा खरा लाभ कोठे? तो कोनांमध्ये आहे. पुढचा बंपर न घासता किती उभा चढ चढता येतो, मागचा बंपर न टेकता किती तीव्र उतार सोडता येतो आणि उंचवटा ओलांडताना गाडीचे पोट टेकते की नाही, हे तीन कोन आडवाटेवरील गाडीची कुवत ठरवितात. यातील तिसरा कोन पोटाची जमिनीपासूनची उंची आणि दोन ॲक्सलमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, यांवर अवलंबून असतो. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. पोट मध्यभागी ३०० मिलिमीटर उंच आहे असे धरले, तर साध्या भूमितीने हा कोन सुमारे साडेसत्तावीस अंश येतो. गाडी ५० मिलिमीटरने उचलली की तो बत्तीस अंशांच्या जवळ जातो. तीच ३०० मिलिमीटरची उंची २८५० मिलिमीटर व्हीलबेसच्या थार रॉक्सला लावली, तर कोन चोवीस अंशांच्या आतच राहतो. म्हणजे लांब गाडीला पोट टेकण्याचे भय अधिक आणि म्हणून लिफ्टचा उपयोगही अधिक.

आखूड गाडीच्या मालकाने मात्र आधी स्वतःला विचारावे, की आपली गाडी आजवर नेमकी कोठे अडली? चिखलात चाके नुसतीच फिरत राहिली असतील, तर दोष उंचीचा नसून पकडीचा आहे. तेथे चांगले टायर आणि आडवाटेवर हवेचा दाब काही प्रमाणात कमी करणे, हे उपाय लिफ्टपेक्षा गुणकारी ठरतात. पोटाखालचा भाग खडकावर आपटत असेल, तर जाड पत्र्याचे संरक्षक कवच पुष्कळदा पुरेसे असते.

आधी मोजा, मग उचला

अनेक गाड्यांना लिफ्टची नव्हे, तर हरवलेली उंची परत मिळविण्याची गरज असते. जुन्या जिप्सीचे पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने बसतात. नव्या गाडीलाही पोलादी बंपर, विंच, टपावरचा कॅरिअर, जादा डिझेलचे कॅन असा संसार जोडला, की स्प्रिंग दबते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, टायरमधील हवा योग्य ठेवून, चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे आणि लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवा यांमुळे माप फसवे येते. हीच मोजणी नेहमीचे सामान व माणसे भरून पुन्हा करावी. दोन्ही मापांतील फरक आपल्याला किती ताठ स्प्रिंग लागेल, हे सांगतो.

येथेच निवडीतील सर्वांत महत्त्वाचा नियम येतो : स्प्रिंग ही उंचीसाठी नव्हे, तर कायम वाहावयाच्या वजनासाठी निवडावी. जड सामानासाठी बनविलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली, तर गाडी उंच दिसते खरी. पण प्रत्येक खड्ड्यावर आदळते, चाके जमिनीला चिकटून राहत नाहीत आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. उलट विंच व पोलादी बंपर लावलेल्या गाडीला मऊ स्प्रिंग दिली, तर वाढविलेली उंची काही दिवसांत वजनाखाली नाहीशी होते.

उंची वाढविण्याचे मार्ग

बाजारात या कामाचे अनेक प्रकार उपलब्ध आहेत आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. ती तफावत कशामुळे, हे समजून घेणे हिताचे आहे.

सर्वांत स्वस्त मार्ग स्पेसरचा. मूळ स्प्रिंगच्या वर वा खाली रबराचा, प्लास्टिकचा किंवा धातूचा ठोकळा बसविला, की गाडी वर येते. स्प्रिंगचा ताठपणा बदलत नसल्याने प्रवासाचा आरामही जवळपास पूर्वीसारखाच राहतो. अडचण असते ती शॉक ॲब्सॉर्बरची, ज्याला गॅरेजमध्ये ‘शॉकअप’ म्हणतात. समजा, मूळ रचनेत चाकाला वर जाण्यास १०० आणि खाली लोंबण्यास १०० मिलिमीटर वाव आहे. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असलेल्या ॲक्सलवर तोच शॉकअप ठेवून गाडी ५० मिलिमीटरने उचलली, तर खाली जाण्याचा वाव केवळ ५० मिलिमीटर उरतो. खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच शॉकअप ताणला जातो आणि चाक अधांतरी लटकते. ज्या आडवाटेसाठी गाडी उंच केली, तेथेच ती पूर्वीपेक्षा दुबळी ठरते.

थारच्या पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडात असतात. तेथे जोडाच्या माथ्यावर स्पेसर लावला, तर परिणाम निराळा होतो. हा जोड खालच्या आर्मवर चाकापासून आतल्या बाजूला टेकलेला असल्याने २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी त्याहून अधिक उंची देतो. त्यामुळे ‘स्पेसर जेवढा, लिफ्ट तेवढी’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. चाक पूर्ण लोंबले असता आर्म मूळ मर्यादेपेक्षा खाली जातो आणि बॉल जॉइंट तसेच चाकाला शक्ती पोहोचविणाऱ्या शाफ्टचे सांधे अधिक तिरके होतात. त्यांची रबरी आवरणे फाटली, की चिखल आत शिरतो आणि सांधा निकामी होण्यास वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे योग्य लांबीची नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारे लांब शॉकअप यांचा पूर्ण संच. हा खर्चिक, परंतु माफक लिफ्टसाठी हाच सर्वांत समतोल मार्ग होय. संच घेताना शॉकअपची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दबलेली, अशी दोन्ही मापे विचारावीत. केवळ लांब शॉकअप घेतला आणि तो दबताना आतून आपटला, तर तोच तुटतो. हे टाळण्यासाठी चाकाची वरची हालचाल रोखणारे रबरी ठोकळेही त्या प्रमाणात बदलावे लागतात.

पाट्यांच्या गाड्यांचे गणित वेगळे आहे. १९८५ साली आलेल्या जिप्सीला चारही चाकांवर पाटे होते. २०१० च्या पहिल्या थारला मागे. अशा गाड्यांना कमानीत एक जादा पाटा घालता येतो, पाट्याच्या टोकाची शॅकल लांब करता येते किंवा संपूर्ण नवी कमान बसविता येते. जादा पाटा वजन पेलतो. पण सस्पेन्शन ताठ करतो. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केल्यास गाडी सुमारे २५ मिलिमीटरच उंच होते. शिवाय ॲक्सल किंचित फिरतो आणि शॅकल फार लांब झाल्यास गाडी बाजूला डुलू लागते. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालण्याची पद्धत मागील ॲक्सलपुरतीच मर्यादित ठेवावी. पुढील ॲक्सलवर ब्रेकचा आणि स्टीअरिंगचा भार एकत्र येत असल्याने तेथे ठोकळा निसटणे म्हणजे गाडीवरील ताबा जाणे होय. पहिल्या थारच्या सीआरडीई आवृत्तीला पुढे टॉर्शन बार आहे. तो पिळून उंची फुकटात मिळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती चाकाच्या खाली जाण्याच्या वावातून वजा होते.

उंचीबरोबर जे बदलते

गाडी वर गेली, की तिच्याशी जोडलेले सारे दांडे तिरपे होतात. सलग पुढच्या ॲक्सलची गाडी उचलल्यावर ॲक्सल थोडा फिरतो आणि स्टीअरिंगचा ‘कॅस्टर’ कोन कमी होतो. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येते ते या कोनामुळे. तो घटला, की महामार्गावर गाडी सतत इकडेतिकडे भरकटते आणि चालकाचे हात थकतात. त्यावर खास बुश किंवा बदललेले आर्म हा उपाय आहे. ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही तिरपा होऊन संपूर्ण ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड लावून तो मध्यावर आणता येतो.

ब्रेकचा मुद्दा तर जिवाशी निगडित आहे. उंच केलेल्या गाडीचे चाक पूर्ण लोंबले असता ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जाता कामा नये. गाडी जॅकवर उचलून हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. काही गाड्यांत मागील ॲक्सलला जोडलेली एक झडप भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरविते. गाडी उचलली, की त्या झडपेला मागे वजन नाही असा भास होतो आणि ती मागचे ब्रेक सौम्य करते. सामानाने भरलेली गाडी घाट उतरत असताना याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. ही झडप नव्या उंचीनुसार जुळवून घेणे अनिवार्य आहे. प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढल्यास ठरावीक वेगाला गाडीत थरथर जाणवते आणि शाफ्टचे क्रॉस लवकर झिजतात. हेडलाइटचा झोतही वर जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो; तो खाली आणावाच लागतो.

या सर्वांहून गंभीर बाब तोलाची. गाडी उलटण्याचा धोका चाकांमधील रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरतो. रुंदी १५२० आणि गुरुत्वमध्य ७५० मिलिमीटरवर असेल, तर उभी गाडी बाजूला सुमारे पंचेचाळीस अंश कलेपर्यंत टिकते. गुरुत्वमध्य ८०० मिलिमीटरवर गेला, की ही मर्यादा साडेत्रेचाळीस अंशांवर येते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु चालत्या गाडीत स्प्रिंगचे दबणे, टायरचे दुमडणे आणि वळणाचा वेग हे सारे त्या मर्यादेतूनच वजा होत असतात. त्यात टपावर सामान असले, तर शिल्लक आणखी घटते. नव्या गाड्यांतील स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मूळ उंची गृहीत धरून जुळविलेली असते. बदललेल्या गाडीत ती पूर्वीइतकीच अचूक वागेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. सोबतीला पाच माणसे बसवून वरंध किंवा ताम्हिणीचा घाट उतरणाऱ्याने दोन इंचांवर थांबावे, ते यासाठी.

पाण्यातून गाडी नेण्याविषयीही असाच भ्रम आढळतो. थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगितलेली आहे. लिफ्ट केल्याने ती आपोआप वाढत नाही. ॲक्सल तेथेच असतात आणि वाहत्या पाण्याचा जोर उंच गाडीवरही तितकाच निर्दय असतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निश्चित केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील, असा फेरफार वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ समाविष्ट झाले. नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. झिजलेल्या स्प्रिंगच्या जागी मूळ मापाची स्प्रिंग घालणे आणि गाडीची रचना बदलणे, यांत फरक आहे. तथापि हा फरक गॅरेजवाल्याने ठरवावयाचा नाही. काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा. न कळविलेला फेरफार अपघातानंतरच्या दाव्यात वादाचे कारण होऊ शकतो. कंपनीच्या वॉरंटीवरही त्याचा परिणाम होतो, हे विसरू नये. केवळ खासगी मैदानातील स्पर्धेसाठी तयार केलेली गाडी अनेक जण ट्रकवर लादून नेतात, त्यामागे हा विचार आहे.

निवडीचा क्रम

परवानगीचा प्रश्न सुटला आणि गरज खरी आहे अशी खात्री पटली, तर निर्णय पुढील क्रमाने घ्यावा. प्रथम टायरचे माप निश्चित करावे. कारण किती लिफ्ट लागेल, हे तेच सांगते. मूळ मापाचेच टायर ठेवावयाचे असल्यास बहुधा २५ ते ४० मिलिमीटर पुरतात. त्यानंतर गाडीवर कायम राहणारे वजन लिहून काढावे आणि त्यानुसार स्प्रिंग निवडावी. मग तिला जुळणारे शॉकअप, रबरी ठोकळे, कॅस्टरची दुरुस्ती, पॅनहार्ड रॉड आणि ब्रेकच्या नळ्या यांचा एकत्रित खर्च मांडावा. हा खर्च परवडत नसेल, तर लिफ्ट लहान करावी. अर्धवट संच बसवू नये.

काम सुरू असताना एक बारकावा आवर्जून पाहावा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच अखेरचे आवळावयाचे असतात. चाके लोंबत असताना ते आवळले, तर बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांतच फाटतात. चांगला मिस्त्री ओळखण्याची ही सोपी खूण आहे. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट, हेडलाइटची जुळवणी आणि मोकळ्या जागी ब्रेकची चाचणी करावी. काहीशे किलोमीटर चालविल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. पहिल्या मोजणीचा कागद काढून उंचीही पुन्हा मोजावी. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते.

नव्या उंचीची सवय गाडीपेक्षा चालकाला अधिक लागते. वळणावरचा वेग, ब्रेक लावण्याचे अंतर आणि बोनेटपुढील न दिसणारा रस्ता, या तिन्हींचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. तो बांधेपर्यंत महामार्गावर संयम बाळगावा आणि आडवाट निवडताना परतीच्या वाटेचाही विचार करावा. वाढलेले दोन इंच खडकावरून पोट वाचवितात. घाटातल्या वळणावर माणसांना वाचवितो तो चालकाने राखलेला वेगच.